खुर्चीचा रकाना

भाऊसाहेब बसायचे नाहीत, ही त्यांच्याबद्दलची पहिली गोष्ट. दोह्यातल्या माझ्या ऑफिसात तीन चांगल्या खुर्च्या होत्या. त्यातली एक चाकांची होती आणि तिच्यावर भलेभले प्रोफेसर टपलेले असायचे. हा माणूस मात्र आत आला की कपाटाशेजारी उभा राहायचा, कपाटाला पाठ न टेकवता, कापडी पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून. वय सत्तरीला आलेलं. पहिल्या दिवशी मी त्यांना चार वेळा बसायला सांगितलं. पाचव्या वेळी ते म्हणाले, "म्याडम, तुम्ही काम करा. मी उभा आहे म्हणून तुमचं काय अडतं का?" अडत काही नव्हतं. पण समोर म्हातारं माणूस उभं आहे आणि आपण बसून लॅपटॉप बडवतोय, असं दोन वर्षं चाललं आणि मला त्याची शेवटपर्यंत सवय झाली नाही.

भाऊसाहेब हे त्यांचं नाव नव्हे. सोलापूरकडच्या एका तालुक्याच्या कोर्टात ते पट्टेवाला म्हणून लागले आणि बेंच क्लार्क होऊन निवृत्त झाले. कचेरीतल्या कारकुनाला आपल्याकडे भाऊसाहेब म्हणतात, तसं त्यांनाही सगळे म्हणायचे, आणि ते त्यांच्याबरोबर कतारला आलं. बायको गेल्यावर मुलाने त्यांना इकडे आणून ठेवलं होतं. मुलगा रास लफानला गॅसच्या प्लांटवर, घर अल वक्र्याला, तिसऱ्या मजल्यावर. माझा नवराही रास लफानलाच. दोघं कंपनीच्या एकाच बसने ड्यूटीवर जायचे, त्या ओळखीतून भाऊसाहेब माझ्या वाट्याला आले. त्यांची सून मला म्हणाली, "ताई, बाबांना काहीतरी काम बघा ना. दिवसभर बाल्कनीत उभे असतात. समोरच्या बिल्डिंगमधले विचारतात, अंकल किसका वेट कर रहे हैं?"

बोलणं सगळं कोर्टाचं. चहा गार झाला की म्हणायचे, "सदर चहा गार झालेला आहे, सबब दुसरा मागवावा." सूर्य मावळला की कोर्ट उठलं. सुनेची डाळ शिजली नसेल तर डाळीला तारीख पडली. वर्ल्ड कपच्या तयारीत तेव्हा सगळं दोहा खणून ठेवलेलं होतं. काल ज्या रस्त्याने गेलो तो आज जागेवर नसायचा, लाल-पांढरे अडथळे लावून तो दुसरीकडेच वळवलेला असायचा. टॅक्सीवाला तिसऱ्यांदा त्याच गोल चौकाला वळसा घालायला लागला की मागून भाऊसाहेबांचा आवाज यायचा, "पुढची तारीख." एकदा आमच्या गणपतीत कुणीतरी काळजीने विचारलं, स्टेडियमं वेळेत होतील का हो? तर म्हणाले, "स्टेडियमला तारीख पडत नसते. माणसाला पडते." लोक हसले. मीही हसले.

त्याच गणपतीत त्यांची दुसरी खोड सगळ्यांना कळली. परदेशात दोन मराठी माणसं भेटली की काय होतं ते सांगायला नको. नाव, मग आडनाव, मग गाव, मग "म्हणजे तुम्ही अमक्यांचे कोण?" चौथ्या प्रश्नापर्यंत समोरचा आपल्यातला की त्यांच्यातला याचा हिशोब मनात लागलेला असतो आणि मग हातात प्रसाद ठेवला जातो. भाऊसाहेब पहिल्याच प्रश्नाला हात वर करायचे. "नाव पुरे. पुढचं नको." त्यांचं विचारलं तर सांगायचे नाहीत आणि दुसऱ्याचं ऐकून घ्यायचे नाहीत. पुण्याचे एक बडे इंजिनियर आपलं सगळं घराणं सांगायला लागले, तर या गृहस्थांनी चक्क दोन्ही कानांवर हात ठेवले, फटाका वाजायच्या आधी ठेवतात तसे. म्हातारं चळलंय, असं बायकांच्या घोळक्यात ठरलं. मला वाटलं, उतारवयात सुधारक व्हायची हौस आली असेल. अशी हौस मी बरीच पाहिली होती आणि तिचा मला कंटाळा होता.

आता कामाचं सांगते. मी एका संशोधन केंद्रात होते. संशोधन करणं हे माझं काम नव्हतं, करणाऱ्यांना पैसे मिळवून देणं हे होतं. अर्ज लिहायचे, अहवाल पाठवायचे, 'प्रगती समाधानकारक' असं दर तीन महिन्यांनी कळवायचं. दूरदेशी एक संस्था होती. कोर्टात, पोलिसात, तुरुंगात माणसाच्या वंशावरून आणि रंगावरून जो दुजाभाव होतो, तो कमी कसा करता येईल यावरच्या संशोधनाला ती पैसे द्यायची. आतापर्यंत स्वतःच्या देशापुरतेच देत होती. वर्ल्ड कपमुळे सगळ्या जगाचे डोळे कतारकडे लागले, तसे तिचेही लागले. आमच्या विभागप्रमुख बाई मूळच्या लेबनानच्या, हुशार आणि कायम थकलेल्या. त्यांनी प्रश्न सोपा मांडला. कामगारांची गाऱ्हाणी जिथे ऐकली जातात, तिथे कुणाचं किती ऐकलं जाईल हे त्याच्या पासपोर्टवरून ठरतं का? आणि प्रत्येकाला त्याच्या भाषेचा दुभाष्या दिला, तर तो फरक कमी होतो का?

पहिल्या टप्प्याला पैसे थोडे होते, नुसतं बघून टिपून ठेवायला. खरे पैसे दुसऱ्या टप्प्याला. त्यातून दुभाषे नेमायचे होते. तिकडे पाठवायच्या अर्जात मी 'वंश' लिहिलं आणि इथल्या परवानगीच्या अर्जात 'राष्ट्रीयत्व'. दोन्ही अर्ज माझ्याच लॅपटॉपवर शेजारी शेजारी होते आणि मला त्यात काही वाटेनासं झालं होतं.

बघायला माणसं हवी होती. परवानगी मिळाली ती सुनावणीच्या खोलीच्या उघड्या दाराशी थांबून बघण्याची, तोंडातून शब्द न काढण्याच्या अटीवर. डॉक्टरेट करणारी दोन तरुण मंडळी पाठवली. ती दोन दिवसांत फोनमध्ये डोकं घालून बसली. तेव्हा मला अल वक्र्याच्या बाल्कनीतलं माणूस आठवलं. अर्ध्याहून जास्त आयुष्य कोर्टात काढलेलं, हिंदी येणारं, दिवसभर उभं राहणारं आणि कुणाच्या नजरेत न भरणारं.

आम्ही छापील फॉर्म दिला होता. तारीख, देश, भाषा, सुरुवात, शेवट. भाऊसाहेबांनी तो बघितला आणि घडी घालून पिशवीत टाकला. दुसऱ्या दिवशी दुकानातून लांब पुठ्ठ्याची वही आणून त्यांनी स्वतः रकाने आखले. आमचे सगळे होतेच, शिवाय 'किती बोलला', 'किती सांगितलं', 'पाणी', 'नजर' आणि 'खुर्ची'. किती बोलला म्हणजे माणूस स्वतः किती बोलला, आणि किती सांगितलं म्हणजे दुभाष्याने त्यातलं साहेबाला किती सांगितलं. नजर म्हणजे साहेबाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं की नाही. खुर्ची मला कळली नाही.

"साहेबाच्या समोर खुर्ची असती न्हवं," ते म्हणाले. "ती कुणाला मिळती ते लिहायचं."

विभागप्रमुख बाईंना मी पहिल्या वहीचं इंग्रजी करून दाखवलं. खुर्चीच्या रकान्याला त्या हसल्या. मग त्यांनी दोन-तीन पानं उलटली आणि हसायच्या थांबल्या. एका युरोपियन इंजिनियरचं कंपनीशी काहीतरी बिनसलेलं होतं. त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'स्वतः घेतली. पाणी आलं. उशीर झाला म्हणून साहेबांनी माफी मागितली.' त्याच्याच खाली केनियाचा एक वॉचमन. 'खुर्ची होती. दिली नाही.' त्याच्या खाली नेपाळचे दोघं. 'खुर्ची होती. दिली नाही.' प्रत्येक ठिकाणी 'होती'च्या खाली रेघ. पानंच्या पानं ती रेघ होती.

"तो अधिकारी इतका वाईट आहे का?" मी त्यांना विचारलं.

"छे हो. चांगला माणूस हाय. पोरंबाळंवाला. मला रोज सलाम करतो." मग म्हणाले, "त्याला खुर्ची दिसतच न्हाई, म्याडम. सकाळपास्नं ढीगभर माणसं बघून बघून दिसंनाशी हुती. मला म्हाईत हाय ते."

कसं माहीत, हे मी विचारलं नाही. अहवालाची तारीख जवळ आली होती.

शुक्रवारी सकाळी सून शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची आणि ते बस बदलत बदलत बरवा अल बराहाला जायचे. इंडस्ट्रियल एरियाजवळ कामगारांची ती मोठी वसाहत आहे, सारख्या तोंडाच्या इमारती, दोऱ्यांवर वाळणारे कामाचे कपडे. तिथे नांदेडकडचा संतोष त्यांना भेटला. शटरिंगचं सुतारकाम करायचा. मुतखड्याने दवाखान्यात पडला, तेवढ्यात कंपनीने तो पळून गेल्याचं लिहून दिलं. असं कागदावर चढलं की परवाना जातो, परत पाठवतात आणि पुन्हा यायची वाट बंद होते. संतोषकडे दवाखान्याचा कागद होता. भाऊसाहेबांनी त्याला तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला आणि साहेबासमोर पहिलं वाक्य काय बोलायचं ते चार वेळा घोकून घेतलं.

सुनावणीला भाऊसाहेब दाराशी होते. संतोष घोकलेलं विसरला आणि आपल्याकडची माणसं सांगतात तसं पार मुळापासून सांगायला लागला. गावाकडून कसा आलो, आधीचा मुकादम कसा होता, पोटात कधी दुखायला लागलं. दुभाष्या हिंदीचा होता, त्याला ती मराठवाडी मिसळलेली हिंदी निम्मीच कळली असावी. त्याने एका वाक्यात उरकलं. कागदाची पिशवी संतोषच्या हातातच राहिली. ती पुढे कर, एवढं म्हणायला भाऊसाहेबांना अर्धा सेकंद लागला असता. पण न बोलण्याच्या अटीवर मी त्यांची सही घेतली होती. वहीत आहे, 'किती बोलला: पुष्कळ. किती सांगितलं: एक वाक्य. नजर: नाही. खुर्ची होती. दिली नाही.'

बाहेर आल्यावर संतोष त्यांना म्हणाला, "भाऊसाहेब, तुमी तर तिथंच हुताव की. मग का न्हाई बोल्लाव?"

हे त्यांनी मला त्याच दिवशी माझ्या ऑफिसात सांगितलं. तेवढं एकच वाक्य सांगितलं आणि तासभर कपाटाशेजारी उभे राहिले. चहा आला, तो गार झाला, पण दुसरा मागवायला सांगितला नाही. मी मधूनमधून मान वर करून बघत होते आणि पुन्हा कामाला लागत होते. संतोषला महिन्याच्या आत परत पाठवलं.

अशा सात वह्या भरल्या. दुसऱ्या टप्प्याच्या पैशांचा निर्णय जवळ आला तेव्हा तिकडून पत्र आलं. काम उत्तम आहे, पण पडताळणी हवी. वहीतला माणूस आणि सुनावणीच्या कचेरीतल्या निकालातला माणूस एकच आहे, हे जुळवून दाखवा. कचेरीने बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर निकालांची यादी थोड्या दिवसांसाठी बघायला दिली, त्यात प्रत्येकाचं पूर्ण नाव होतं. मी सात वह्या काढल्या आणि नावाच्या रकान्यावर बोट ठेवून खाली गेले. मोहम्मद. मोहम्मद. राजू. बहादूर. संतोष. मोहम्मद. संतोष. सातही वह्यांत एकही आडनाव नव्हतं, कुणाच्या बापाचं नाव नव्हतं, गाव नव्हतं.

विभागप्रमुख बाईंनी कपाळाला हात लावला. "हा माणूस जन्मभर कोर्टात कारकून होता म्हणालीस ना तू?"

"होता."

"आणि त्याला पूर्ण नाव लिहायचं सुचलं नाही? महिनाअखेरपर्यंत जुळलं नाही तर दुभाष्यांचे पैसे नाहीत. दोन वर्षं आपण एका म्हाताऱ्याची डायरी जमवत होतो, असा त्याचा अर्थ होईल."

मला भाऊसाहेबांचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. दर महिन्याला मी त्या वह्या इंग्रजीत उतरवत होते. खुर्चीचा रकाना वाचून मला भरून यायचं आणि त्याच्या शेजारचा नावाचा रकाना मी कधी नीट पाहिला नव्हता. त्यांची आडनावाची खोड मला ठाऊक होती. ती वहीतही उतरली असेल, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मेट्रोने अल वक्र्याला गेले. स्टेशनपासून टॅक्सी केली. सुनेने दार उघडलं. भाऊसाहेब बाल्कनीत उभे होते, बाहेर नुसता पांढरा उजेड आणि लांबवर क्रेन. मी सोफ्यावर बसले, ते दाराच्या चौकटीत येऊन उभे राहिले. मी सगळं सांगितलं, जरा चढ्या आवाजातच.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आडनावं मला सगळी पाठ हायेत."

"काय?"

"पुकारा व्हायचा की पुऱ्या नावानं. कानावर पडलेलं नाव मी इसरत न्हाई. नोकरीच ती केली."

"मग लिहिली का नाहीत हो?" मी जवळजवळ ओरडलेच. सून स्वयंपाकघरातून डोकावली.

ते बोलले, पण माझ्याकडे न बघता, क्रेनकडे बघत. "म्याडम, बोर्ड मी लावायचो. रोजचा बोर्ड, म्हंजे कुठलं प्रकरण आधी, कुठलं मागनं. साहेब सही करायचे, पण लावायचो मी. आन आडनाव वाचलं, गाव वाचलं की माझा हात आपसूक चालायचा. ह्यो पाटलाकडला, ह्येला वर. ह्यो वकिलाच्या भावकीतला, वर. ही पालावरची, खाली. कुणी सांगायला लागत नव्हतं. पैसं न्हाई घेतलं मी कधी, शप्पत सांगतो. पैशाबिगर करत हुतो."

चहाचे कप ठेवायला आलेली सून तिथेच थांबली. तिलाही हे नवीन असावं.

"दिवाळीच्या सुट्टीच्या आधला दिवस हुता. पालावरची एक बाई. पोराला चोरीच्या संशयावर धरलेला, त्याच्या जामिनाचा अर्ज. मी लावला सगळ्यात खाली. सकाळी कोर्ट उघडल्यापास्नं बाई भिंतीला उभी. बाक रिकामं हुतं. माझ्या समोरच हुतं. मी बस म्हनलो न्हाई आन ती बसली न्हाई. संध्याकाळी कोर्ट उठलं. तिचा नंबरच आला न्हाई. पोरगं सगळी दिवाळी आत. पुढं सुटलं, निर्दोष सुटलं. पर बाई मला त्या दिशी जाताना काय म्हनली ठावं हाय? म्हनली, भाऊसाहेब, लई दमला असाल तुमी." त्यांनी पिशवी नसलेले हात पोटाशी धरले. "तवापास्नं मी आडनाव लिहीत न्हाई. रिटायर हुईस्तवर लिहावं लागलं, त्येला इलाज नव्हता. इथं न्हाई म्हनलं."

मला काय वाटलं ते खरं सांगायचं तर आधी वाटली ती चीड. एका माणसाच्या पश्चात्तापापायी बाकीच्या सगळ्यांचा पुरावा वाया जाणार होता. दया नंतर वाटली. पण मी पैसे मिळवून देणारी बाई होते, मी माझं काम केलं. मी म्हटलं, "भाऊसाहेब, आडनाव बघून तुम्ही त्या बाईला खाली ठेवलंत. आता आडनाव न लिहून या सगळ्यांना खाली ठेवताय. संतोषचा निकाल कचेरीच्या यादीत कुठेतरी आहे. नुसत्या संतोषवर तो मला सापडत नाही."

ते आत गेले. मला वाटलं, झालं, खलास. पण ते शर्ट बदलून आले, पांढरा, गळ्यापर्यंत बटण लावलेला. वह्या त्यांनी मागितल्याच नाहीत. बाल्कनीच्या दारात ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "लिहा."

आणि त्यांनी पुकारा केला. त्या फ्लॅटमध्ये, त्या आवाजात. "संतोष मारुती गाडेकर, हाजिर होऽऽ!" समोरच्या बिल्डिंगमधली एक खिडकी उघडली. मी टाइप करून मान वर केली तरी ते पुढचं नाव घेईनात. तेवढा वेळ थांबायचे, माणसाला दारातून आत यायला जेवढा लागतो तेवढा. मग पुढचं नाव. नेपाळची नावं, बंगालची, केनियाची, सगळी बापाच्या नावासकट, आणि देश, महिना, कितवी वही. सुनेने दोनदा चहा केला. तिसऱ्या वहीच्या सुमारास त्यांचा आवाज बसला, तरी पुकारा हळू झाला नाही. मी बसा म्हटलं नाही, म्हटलं असतं तरी उपयोग नव्हता.

सातवी वही संपली. मी फाइल बंद करणार तेवढ्यात त्यांनी आणखी एक नाव पुकारलं.

"झेलाबाई सुभान काळे, हाजिर होऽऽ!"

हाताच्या सवयीने मी ते लिहून टाकलं. मग कळलं. देशाच्या रकान्यात मी काही लिहिलं नाही, महिन्याच्या रकान्यातही नाही. या वेळी ते फार थांबले. दाराकडे बघत होते.

"बाक होतं," ते म्हणाले. "दिलं नाही. लिहिलं?"

"लिहिलं."

यादी मी तशीच पाठवली. आठवड्याने तिकडून उत्तर आलं. नावं जुळताहेत, आठवणीतून दिलेली यादी असूनही आश्चर्यकारक आहे, वगैरे. मात्र शेवटची ओळ कळत नाही. देश नाही, तारीख नाही, कचेरीत अशा नावाची नोंदच नाही. एक ओळ जरी पडताळता आली नाही, तरी संपूर्ण यादीबद्दल शंका घ्यावी लागेल. कृपया खुलासा करावा.

विभागप्रमुख बाई ते पत्र घेऊन माझ्या खोलीत आल्या. "ही कोण?"

खुलासा करता आला असता. दोन वाक्यांत झाला असता. मी म्हटलं, "टायपिंगची चूक आहे."

"मग काढून टाक ना. यल्ला, आटप." त्या दारातच उभ्या राहिल्या.

मी ती ओळ काढून टाकली. त्याला एक बटण लागतं. पैसे आले, मागितले त्याहून कमी, पण आले. संतोषचा निकालही सापडला. त्यात लिहिलं होतं, 'अर्जदारास ऐकले. अर्जदाराने कोणताही खुलासा केला नाही.' ते वाक्य आणि वहीतलं 'किती बोलला: पुष्कळ' हे अहवालात शेजारी शेजारी छापलं, नाव न देता. त्याने संतोष परत आला नाही. दुभाषे नेमले गेले, त्यात एक मराठी आणि हिंदी दोन्ही नीट बोलणारा होता. त्यांचा किती उपयोग झाला, यावर अजून लोक लेख लिहिताहेत.

वर्ल्ड कपला काही महिने उरले होते. रस्ते हळूहळू जागेवर येत होते, जिकडेतिकडे झेंडे लागत होते. ज्यांनी ते रस्ते केले त्यांच्या बसगाड्या विमानतळाकडे जाताना दिसायच्या. भाऊसाहेबांच्या मुलाचं कंत्राट संपलं आणि ते कुटुंब परत निघालं. जायच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले आणि कपाटाशेजारी उभे राहिले. छापून आलेला अहवाल मी त्यांच्या हातात दिला. रंगीत कव्हर, गुळगुळीत कागद. त्यांनी तो उघडला नाही, पिशवीत ठेवला.

"म्याडम, नावं गेली का सगळी?"

"गेली."

"सगळी?"

"हो."

ते माझ्याकडे बघत राहिले. आयुष्यभर साक्षीदार बघितलेला माणूस. "त्या बाईचं?"

मला खरं सांगायचं होतं. आजही वाटतं, सांगितलं असतं तर त्यांना ते कळलं असतं. ते कारकून होते, एखादी ओळ काढावी लागते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. पण माझ्या तोंडून निघालं, "गेलं. सगळ्यात वर लावलं."

त्यांनी मान हलवली. पिशवी टेबलावर ठेवली. दोन वर्षांत ती हातातून सुटलेली मी पाहिली नव्हती. मग त्यांनी समोरची खुर्ची, चाकांची नव्हे, साधी, दोन्ही हातांनी मागे ओढली आणि जपून, एकेक गुडघा वाकवत बसले. पाठ टेकवली. डोळे मिटून एक श्वास सोडला आणि म्हणाले, "आता चहा सांगा. गरम सांगा."

मी चहा सांगायला उठले होते. सांगून आले, पण माझ्या जागेवर जाऊन बसणं मला जमलं नाही. चहा येईपर्यंत ते बसून होते आणि मी कपाटाशेजारी उभी होते.